घर स्मार्ट करताय? आधी प्रोटोकॉल ठरवा, मग खरेदीला बसा

सेल लागला की एक बल्ब घ्यायचा, महिन्याभराने दुसऱ्याच कंपनीचा प्लग, दिवाळीला कुणीतरी गिफ्ट दिलेला कॅमेरा, आणि मग वर्षभरात फोनवर पाच अ‍ॅप जमा होतात ज्यातल्या एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. बहुतेकांचं स्मार्ट होम असंच बनतं. वस्तू वाईट नसतात हो, पण प्रत्येक वस्तू वेगळ्या प्रोटोकॉलवर, म्हणजे आपसात बोलायच्या वेगळ्या पद्धतीवर, चालते आणि निम्म्या तर समोरच्या भिंतीवरचा दिवा लावायलासुद्धा परदेशातल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतात.

म्हणून इथे उलट्या बाजूने जाऊया. आधी प्रोटोकॉल, शेवटी खरेदी. मी धरून चाललोय की तुमचा २ बीएचके-३ बीएचके फ्लॅट आहे, वायरिंग झालेलं आहे आणि भिंती फोडायची तयारी नाही. आणि सगळीकडे कसोटी एकच लावायची, इंटरनेट बंद पडलं तरी भिंतीवरचं बटण दाबल्यावर दिवा लागला पाहिजे, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना काही नवीन शिकायला लागू नये.

पायरी १: घरभर फिरून यादी करा

कागद-पेन घ्या, फोनवर केलं तरी चालेल. तीन गट करायचे. पहिला, ज्यांना चोवीस तास वीज मिळते ते, म्हणजे दिवे, पंखे, गीझर, प्लग. दुसरा, जे सेलवर चालणार ते, म्हणजे दाराचा सेन्सर, हालचाल ओळखणारा मोशन सेन्सर, किचन सिंकखाली ठेवायचा पाणीगळतीचा सेन्सर. तिसरा गट रिमोटवाल्यांचा, एसी, टीव्ही, सेट टॉप बॉक्स. ही विभागणी आत्ता उगाच केल्यासारखी वाटेल पण पुढचे सगळे निर्णय हिच्यावरच होणारेत.

मग स्विचबोर्ड. मेन एमसीबी बंद करून वायरमनकडून एक-दोन बोर्ड उघडून घ्या आणि आत न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आहे का बघा. आपल्याकडे बोर्डात बहुधा एखादा प्लग पॉइंट असतोच, त्यामुळे न्यूट्रल मिळतो, पण पॅसेजमधला, जिन्यातला किंवा बेडच्या बाजूचा नुसत्या एका स्विचचा बोर्ड असेल तिथे फक्त फेज आणि लोडची वायर सापडते. स्विचच्या मागे बसणारं मॉड्यूल, म्हणजे साध्या बटणाला स्मार्ट करणारी छोटी डबी, स्वतः चालू राहायला न्यूट्रल मागतं. बिनन्यूट्रलची मॉड्यूल मिळतात पण लहान वॅटचा एलईडी असेल तर तो बंद असतानासुद्धा मिणमिणतो, आणि मेश नेटवर्कमध्ये (वस्तू एकमेकींचे निरोप पुढे देतात असं जाळं) अशी मॉड्यूल सहसा दुसऱ्याचा सिग्नल पुढे देत नाहीत. अजून एक, बोर्डाच्या मागचा डबा पत्र्याचा आहे का तेही बघून ठेवा. पत्र्याच्या डब्यात रेडिओ सिग्नल घुसमटतो, समोरची प्लेट प्लास्टिकची असेल तर तेवढ्या वाटेने बाहेर येतो.

पायरी २: कोण कोण आहे मैदानात

वायफाय सगळ्यांना माहीत, आणि नवख्या माणसाची सुरुवात इथूनच होते कारण वेगळा हब, म्हणजे सगळ्या वस्तूंना जोडणारी मधली डबी, लागत नाही. ठीक आहे, पण तीन गोष्टी डोक्यात ठेवा. बहुतेक सगळ्या स्मार्ट वस्तू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही, आणि आपल्या राउटरवर दोन्हीचं नाव एकच ठेवलेलं असतं त्यामुळे पेअरिंगच्या वेळी जाम गोंधळ होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा कारण स्वस्त चिपना डब्ल्यूपीए३ झेपेलच असं नाही. दुसरं, वायफायला वीज खूप लागते, सेलवरचा सेन्सर वायफायचा घेतलात तर सेल बदलत बसाल. तिसरं म्हणजे क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरचा कंपनीचा सर्व्हर. आपल्याकडे मिळणारे बरेचसे स्वस्त बल्ब आणि प्लग तुया नावाच्या चिनी कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर चालतात, डब्यावर नाव कुणाचंही छापलेलं असो. कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला की वस्तू हातात राहते आणि अ‍ॅप मरतं. वायफाय घ्यायचंच तर ज्यात लोकल कंट्रोल (घरातल्या घरात चालणारं) आहे असं घ्या, ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ चिपवाली वस्तू असेल तर तिच्यात टास्मोटा किंवा ईएसपीहोम हे मोफत फर्मवेअर, म्हणजे वस्तूच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकून क्लाउडला रामराम करता येतो. पण ते थोडं पुढचं काम आहे, पहिल्याच दिवशी नको.

झिगबी. इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण फ्लॅटसाठी माझ्या मते आजही हाच सगळ्यात व्यवहारी पर्याय आहे. हे पण २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं पण वीज अगदी कमी खातं, दाराचा सेन्सर एका बटण सेलवर आरामात वर्षभर किंवा जास्त जातो. वेग जास्तीत जास्त २५० किलोबिट प्रतिसेकंद, म्हणजे कॅमेरा विसरा, पण 'चालू हो', 'बंद हो', 'दार उघडलं' एवढं सांगायला तो भरपूर झाला. खरी गंमत मेशची आहे. ज्या वस्तूला कायम वीज मिळते, म्हणजे प्लग किंवा न्यूट्रल जोडलेलं स्विच मॉड्यूल, ती राउटरचं काम करते, स्वतःचं सांभाळून दुसऱ्याचा निरोप पुढे देते, मांडव घालताना बांबू हातोहात पुढे देतात तसं. सेलवरच्या वस्तू हे काम करत नाहीत, त्या बोलून झालं की झोपतात. आता कळलं पहिल्या पायरीला यादीत गट का केले? हॉलमध्ये हब आणि मागच्या बेडरूममध्ये सेन्सर, मध्ये दोन आरसीसीच्या भिंती, अशा वेळी पॅसेजमधला एक झिगबी प्लग सगळा प्रश्न सोडवतो. सेन्सरवर सेन्सर वाढवत गेलात आणि मध्ये राउटर एकही नाही तर मात्र नेटवर्क रडतखडतच चालणार.

झी-वेव्ह पण मेशच आहे, डेन्मार्कमधल्या झेन्सिस कंपनीने काढलेलं. हे २.४ च्या गर्दीत नाही, खालच्या फ्रीक्वेन्सीवर चालतं, म्हणून भिंतीतून चांगलं जातं. पण ही फ्रीक्वेन्सी देशागणिक वेगळी आहे, भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४२ आणि अमेरिकेत ९०८.४२. न्यू जर्सीचा आतेभाऊ येताना 'तिकडे स्वस्त मिळतंय' म्हणून झी-वेव्हचे स्विच घेऊन येत असेल तर त्याला आजच फोन करा. ते इथल्या हबशी बोलणार नाहीत, तिकडचा हबही सोबत आणला तरी ती फ्रीक्वेन्सी इथे अशी बिनपरवाना वापरता येत नाही, आणि तिकडचा सप्लाय १२० व्होल्टचा ते वेगळंच. झिगबीचा रेडिओ जगभर २.४ वर चालतो त्यामुळे तिकडचे सेलवरचे सेन्सर खुशाल मागवा, प्लग आणि स्विच नकोत. आपल्या बाजारात झी-वेव्हचा माल कमी आणि महाग, त्यामुळे नवीन माणसाने या वाटेला गेलं नाही तरी काही बिघडत नाही.

थ्रेड आणि मॅटर ही नावं हल्ली डब्यावर दिसायला लागलीत आणि लोक दोन्ही एकच समजतात. थ्रेड हा रेडिओचा भाग आहे, झिगबीच्याच जातीचा, कमी विजेचा मेश, फक्त प्रत्येक वस्तूला आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीचा स्वतःचा, पत्ता असतो. मॅटर म्हणजे वरची बोली, जी थ्रेडवरूनही बोलता येते, वायफायवरूनही आणि इथरनेटच्या केबलवरूनही. अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग असे सगळे एकत्र बसले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मॅटरची पहिली आवृत्ती आली. फायदा काय, तर एकच बल्ब तुमच्या आयफोनमध्येही दिसतो आणि बायकोच्या अँड्रॉइडमध्येही, आणि कंट्रोल घरातल्या घरात होतं, क्लाउड लागत नाही. थ्रेडच्या वस्तूला बॉर्डर राउटर, म्हणजे थ्रेडला घरातल्या वायफायशी जोडणारा दुवा, मात्र लागतो, उदाहरणार्थ होमपॉड मिनी किंवा दुसऱ्या पिढीचा नेस्ट हब. डब्यावर नुसतं मॅटर लिहिलंय म्हणून घेऊ नका, खाली बारीक अक्षरात 'मॅटर ओव्हर वायफाय' आहे का 'मॅटर ओव्हर थ्रेड' ते वाचा, कारण बॉर्डर राउटर नसेल तर थ्रेडचा बल्ब घरी आणून नुसता बघत बसावा लागेल.

ब्लूटूथ बहुतेक वेळा फक्त पहिल्या जोडणीपुरतं येतं, मॅटरची वस्तू पहिल्यांदा जोडताना फोन तिच्याशी सहसा ब्लूटूथवरूनच बोलतो. फक्त ब्लूटूथवर चालणारं कुलूप किंवा बल्ब असेल तर तुम्ही घराबाहेर पडलात की संबंध संपला, मध्ये काहीतरी गेटवे नसेल तर.

इन्फ्रारेड, म्हणजे आपला साधा रिमोट. एसी आणि टीव्हीसाठी आयआर ब्लास्टर नावाची छोटी डबी मिळते, समोर ठेवायची, ती रिमोटची नक्कल करते. भिंत आडवी आली की संपलं, म्हणून प्रत्येक खोलीला वेगळी. इथे एक मजेशीर फरक आहे. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी बटण दाबलं की पूर्ण स्थिती पाठवतो, चालू आहे, २४ डिग्री, कूल मोड, पंखा मध्यम, सगळं एकदम. त्यामुळे एसीला 'बंद हो' सांगितलं की तो बंदच होतो. टीव्हीचं पॉवर बटण मात्र बहुधा उलटापालट करणारं, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू, आणि ब्लास्टरला टीव्हीची आत्ताची स्थिती कळत नाही. म्हणजे रात्री ११ ला टीव्ही बंद करायचा नियम लावलात आणि तो आधीच बंद असेल तर बरोबर ११ ला टीव्ही सुरू होणार! त्यावर उपाय म्हणजे टीव्हीच्या मागे वीज मोजणारा झिगबी प्लग लावायचा, वॅट वाढलेले दिसले तरच आयआरचा सिग्नल सोडायचा.

एमक्यूटीटी हे नाव तुम्हाला पुढे सारखं भेटेल म्हणून आत्ताच ओळख करून घ्या. हा रेडिओ नाही, निरोपांची पद्धत आहे. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहाच्या महागड्या लिंकवरून नजर ठेवायला बनवली होती, म्हणून निरोप अगदी छोटे. मध्ये एक ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन वाटणारा प्रोग्राम, असतो, बहुतेक जण मॉस्किटो नावाचा वापरतात. सेन्सर 'घर/बेडरूम/तापमान' अशा पत्त्यावर आकडा टाकतो आणि ज्याला हवा तो त्या पत्त्यावर कान लावून बसतो. बस, एवढंच.

केएनएक्स ही अजून एक पद्धत, पण ती वायरची आहे, प्रत्येक स्विचपर्यंत वेगळी बस केबल टाकावी लागते. नवीन बंगला बांधताय आणि बजेट दणदणीत आहे तर आर्किटेक्टशी बोला, फ्लॅटवाल्यांनी पुढे चला.

पायरी ३: निवड

मी कुणाला विचारलं तर असं सांगतो. दिवे-पंखे-प्लग आणि सगळे सेन्सर झिगबीवर, एसी-टीव्ही आयआर ब्लास्टरवर, कॅमेरा आणि रोबो व्हॅक्यूमसारखी जड कामं वायफायवर. थ्रेडचा बॉर्डर राउटर घरात आधीच असेल आणि हवी ती वस्तू मॅटरमध्ये बऱ्या किमतीत मिळत असेल तर नवीन खरेदी मॅटरची करायला हरकत नाही, दोन्ही एकाच ठिकाणी जोडता येतात.

बल्ब स्मार्ट घ्यायचा का स्विच, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत सरळ आहे, स्विच. स्मार्ट बल्ब लावलात आणि पाहुण्यांनी जाताना सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बची वीजच गेली, तो हबला दिसेनासा होतो, आणि तोच बल्ब झिगबीचा राउटर असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेले सेन्सरही लटकतात. स्विचच्या मागे मॉड्यूल लावलं तर जुनं बटण जसंच्या तसं चालतं, आजीला कळतसुद्धा नाही काही बदललंय ते. रंगीत बल्ब हवाच असेल तर टेबललॅम्पमध्ये लावा.

पंख्याला मात्र नुसतं दिव्याचं मॉड्यूल लावू नका, ते फक्त चालू-बंद करेल, स्पीडसाठी पंख्याचं वेगळं मॉड्यूल येतं. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक मोटरचा) असेल तर त्याच्या लाइनमधला जुना रेग्युलेटर काढून टाका, त्या पंख्याचा स्पीड त्याच्या रिमोटने किंवा अ‍ॅपनेच बदलायचा असतो. गीझरचं गणित करा, ३००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण १३ अँपिअर, त्यामुळे १० अँपिअरचं मॉड्यूल तिथे चालणार नाही, १६ चं किंवा त्यावरचं चांगल्या कंपनीचंच घ्या. इथे दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका.

पायरी ४: हब उभा करणे

कंपनीचा झिगबी हब घेतला तर सोपं पडतं पण तो दुसऱ्या कंपनीच्या वस्तू घेईलच याची खात्री नाही. म्हणून होम असिस्टंट, सगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. मोफत आहे, घरातल्याच मशीनवर चालतं, रास्पबेरी पाय ४ किंवा ५ वर नाहीतर जुन्या मिनी पीसीवर. रास्पबेरी पाय वापरलात तर मेमरी कार्डऐवजी एसएसडी लावा, सतत लिहून लिहून कार्ड दगावतात. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप पण चालतो आणि त्याची बॅटरी यूपीएसचं काम करते, फक्त ती फुगलेली नाही ना ते आधी बघा.

त्याला झिगबीचं यूएसबी डोंगल, म्हणजे झिगबीचा रेडिओ असलेली पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू, जोडायचं. आता हे नीट ऐका कारण निम्म्या तक्रारी इथे मिटतात, डोंगल थेट मशीनच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये खुपसू नका. यूएसबी ३ मधून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो आणि सेन्सर उगाचच गायब व्हायला लागतात. एक मीटरची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा आणि डोंगल वायफाय राउटरपासूनही लांब ठेवा.

मग चॅनल. झिगबीची चॅनल ११ ते २६ आहेत. वायफाय बहुधा १, ६ किंवा ११ वर असतं (वायफायचे नंबर आणि झिगबीचे नंबर वेगळे बरं का) आणि त्यांच्या मधल्या फटीत झिगबीची १५, २० आणि २५ येतात. सोसायटीत शेजाऱ्यांची वीस-पंचवीस वायफाय नावं दिसत असतील तर फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरचं एखादं अ‍ॅप टाकून कुठे गर्दी कमी आहे ते बघा आणि त्याप्रमाणे निवडा, मी तरी २५ पासून सुरुवात करेन. २६ टाळा, बऱ्याच डोंगलची आणि वस्तूंची ताकद त्या चॅनलवर कमी असते. आणि हे सगळं वस्तू जोडायच्या आधी, नंतर चॅनल बदललं तर काही वस्तू पुन्हा जोडत बसावं लागतं.

सॉफ्टवेअरमध्ये दोन रस्ते, होम असिस्टंटमधलं झेडएचए किंवा वेगळं झिगबी२एमक्यूटीटी. पहिलं लावायला सोपं, दुसरं जास्त वस्तू ओळखतं आणि नेटवर्कचा नकाशा छान दाखवतं पण त्याला वर सांगितलेला मॉस्किटो ब्रोकर लागतो. अगदी नवीन असाल तर झेडएचए घ्या.

पायरी ५: जोडणीचा क्रम

आधी विजेवरच्या वस्तू, हबच्या जवळच्या पहिल्यांदा, मग लांबच्या. प्लग आणि स्विच मॉड्यूल सगळी बसली की एक रात्र तसंच सोडा, नेटवर्क स्थिर होऊ दे. दुसऱ्या दिवशी सेन्सर, आणि ते टेबलावर बसून न जोडता जिथे लावायचेत तिथेच नेऊन जोडा. काही सेन्सर ज्या राउटरला पहिल्यांदा चिकटतात त्याला सहजी सोडत नाहीत, हबशेजारी जोडून मग मागच्या खोलीत नेलात की दोन दिवसांनी गायब.

जोडताना सॉफ्टवेअरमध्ये नवीन वस्तू घ्यायला परवानगी चालू करायची, सेन्सरचं छोटं बटण पाचेक सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकला की सोडायचं, आणि माहिती पूर्ण येईपर्यंत दर दोन सेकंदांनी एकेकदा टिचकी मारत राहायचं म्हणजे तो मध्येच झोपत नाही. मॅटरची वस्तू असेल तर क्यूआर कोड किंवा ११ आकडी नंबर लागतो, तो बल्बच्या बुडाशी छापलेला असतो. छताला बल्ब लावायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर स्टूलवर चढून वाचायला लागतो. मॅटर जोडलं जात नसेल तर राउटरमध्ये आयपीव्ही६ बंद आहे का आणि गेस्ट नेटवर्कवर तर नाही ना हे दोन आधी तपासा.

पायरी ६: लाइट जाते, त्याची सोय

हे परदेशी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. वायफाय राउटर, हब आणि फायबरचा डबा तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. आणि प्रत्येक बल्ब, प्लग, मॉड्यूलमध्ये 'पॉवर ऑन बिहेवियर' नावाची सेटिंग शोधा. कित्येक स्मार्ट बल्ब लाइट परत आली की आपोआप पेटतात, मे महिन्यात पहाटे तीनला लाइट आली की बेडरूम लख्ख. तिथे 'आधीची स्थिती' किंवा 'बंद' ठेवा. गीझरच्या मॉड्यूलला तर 'बंद'च, दुसरं काही नाही.

पायरी ७: मुद्दाम बंद पाडून बघा

सगळं बसलं की राउटरला येणारी इंटरनेटची केबल काढा, राउटर चालू राहू दे. आता घरभर फिरा. बटणं, मोशन सेन्सरवरचे दिवे, दाराची सूचना, जे जे चालत नाही ते क्लाउडवर आहे, त्याची यादी करा आणि ते तसं राहिलेलं चालणार आहे का ठरवा. कॅमेरा बाहेरून दिसला नाही तर ठीक, बाथरूमचा दिवा लागला नाही तर नाही चालणार. मग केबल लावून हब बंद करा. मॉड्यूल लावलेली भिंतीवरची बटणं तेव्हाही चालायलाच हवीत.

बाहेरून कंट्रोल हवं म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्यांसाठी राउटरचं दार उघडं ठेवणं) करत बसू नका, व्हीपीएन (घराच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) किंवा होम असिस्टंटची स्वतःची पैसे भरून मिळणारी सेवा वापरा. होम असिस्टंटचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून ठेवा, त्यात झिगबी नेटवर्कची गुप्त किल्ली असते, ती गेली की सगळे सेन्सर पुन्हा एकेक करून जोडायचे. भाड्याच्या घरात असाल तर वायरमनला मॉड्यूल लावतानाच प्रत्येक बोर्डाचा उघडा फोटो काढायला सांगा, घर सोडताना वायरी पूर्ववत करायला तो फोटोच कामी येतो, आणि मॉड्यूल तर पुढच्या घरात तुमच्याबरोबर येणारच आहेत.